खाली व निर्वेध कब्जा

१

धुळ्याच्या देवपुरात घर घेऊ नका, असं मी कुणालाही सांगत नाही. ज्याला घ्यायचं त्यानं खुशाल घ्यावं. माझ्यावर काय अन्याय झाला तेवढंच मी सांगणार आहे, आणि तो एका सरळ माणसावर झाला आहे हे आधी ध्यानात घ्या.

मी हिलाल मोतीराम पाटील. सरकारी कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. एकतीस वर्षांत कुणाच्या चहाचा मिंधा राहिलो नाही. कुणी पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवला, तर त्याच्या मागे जिन्यापर्यंत जाऊन परत दिला. लोक मला खडूस म्हणत. म्हणोत बापडे.

मुलगा सुरतेला, मिलमध्ये. त्याच्या एका खोलीत चार माणसं राहतात, तिथे जाऊन म्हातारपण काढायचं नाही असं मी आणि माझी बायको यशोदा, आम्ही दोघांनी ठरवलं होतं. म्हणून फंड मिळाल्याबरोबर, यशोदाच्या पाटल्या मोडून, पांझरा नदीच्या पलीकडे नव्यानं वसणाऱ्या एका कॉलनीत चार खोल्यांची लाईन घेतली. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकाची, असे चार जोड. समोरून एकच लांब ओटा. एकात आपण राहायचं, तीन भाड्यानं द्यायचे आणि मरेपर्यंत कुणापुढे हात पसरायचा नाही. आमचं उरलेलं आयुष्य त्या चार दारांवर उभं होतं.

ही अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. तेव्हा तिथे विजेचे खांब होते, तारा नव्हत्या. प्लॉटच्या कोपऱ्यांवर चुना लावलेले दगड आणि मधे ज्वारीची खुंटं. कचेरीतले लोक हसले, म्हणाले, नाना, खळ्यात घर घेतलं का? पण मी कागद वाचणारा माणूस आहे. कॉलेज जवळ, रस्ता मंजूर, दर महिन्याला एखादा नवा पाया खणला जात होता. पाच वर्षांत इथे खोली मिळणार नाही, हे मला दिसत होतं.

दोन नंबरमध्ये एक शिक्षक जोडपं आलं. तीनमध्ये कलाबाई आणि तिचा टेलिफोन खात्यातला मुलगा आधीपासून राहत होते, ते तसेच राहिले. चार नंबरची खोली मात्र काही केल्या जाईना. लोक येत, ओट्यावरून पाहत, "कळवतो" म्हणत आणि कळवत नसत. मी भाडं उतरवलं तरी तेच. शेवटी एका बँकेतल्या माणसाला मी गाठलंच. तो म्हणाला, "अहो, चार नंबरला कुणी राहतंय ना? मी आलो तेव्हा आत बाई पापड लाटत होत्या."

मी म्हटलं, तुम्ही तीन नंबरचं ऐकलं असेल. तो म्हणाला, असेल.

२

पुढे चैत्र लागला आणि कॉलनीत पापडांचे दिवस सुरू झाले.

आमच्याकडची रीत साधी आहे. एकीनं दुसरीच्या घरी जाऊन लाटायचं. सकाळी उडदाचं पीठ कुटायचं, दुपारची जेवणं उरकली की आळीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात. पिठाला वारा लागला तर ते वाळतं, म्हणून दारं-खिडक्या लोटून अंधारातच बसतात. पैशाचं नाव नाही. जी आपल्याकडे आली, तिच्याकडे आपण जायचं. कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही.

आमच्याकडे पापड होते त्या दिवशी मी ओट्यावर पेपर घेऊन बसलो होतो. आत पुरुषांचं काम नसतं. ऊन सरकत बायकांच्या चपलांवर आलं, तेव्हा मी उठून एकेक जोड सावलीत ठेवला. धुळ्याच्या उन्हात तापलेली चप्पल म्हणजे तवा. आठ जोड होते.

यशोदानं दार बोटभर उघडलं आणि म्हणाली, "दहा कप चहा लागी. दोन कप दोन नंबरवालीकडथून लई या."

"आठ आणि तू, नऊ," मी म्हटलं.

"दहा शेतस," ती म्हणाली आणि दार लोटलं.

मी कप आणले. वाद कशाला? पण कप आत देताना मी डोकावलो. उन्हातून एकदम अंधारात काही नीट दिसत नाही. पाठी तेवढ्या दिसल्या आणि लाटणी फिरताना दिसली. भिंतीकडे तोंड करून एक बाई बसली होती, पदर कपाळावरून खाली ओढलेला. सगळ्या बोलत होत्या, ती बोलत नव्हती. दहा कपांतले नऊ रिकामे परत आले. दहाव्यावर साय धरली होती.

बायका गेल्या. मी पुन्हा पाहिलं, ओट्यावर एकही चप्पल नव्हती. म्हणजे कुणीतरी त्या उन्हात अनवाणी आली आणि अनवाणी गेली.

संध्याकाळी यशोदानं एक पापड हातावर घेऊन माझ्यापुढे धरला. त्यातून तिच्या तळहाताच्या रेषा दिसत होत्या.

"हाई पाहा. चार नंबरवालीना हात. भलता पातय शे."

"चार नंबरला कोण आहे?"

"माले काय ठाऊक? तुम्हीन देल व्हई खोली."

"मी दिलेली नाही," मी म्हणालो. "त्या खोलीला माझ्या हातचं कुलूप आहे."

यशोदानं पापड परत साडीवर ठेवला.

३

मला भीती वाटली असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. मला संताप आला.

कारण मला डाव कळला होता. त्या काळी घर विकणारे काय करत? खरेदीखतावर सही करायची आणि मागून एखाद्या खोलीत आपलं माणूस घुसवायचं. चार शेजाऱ्यांनी सांगितलं की ही बाई इथे दोन वर्षं राहते, की ती झाली भाडेकरू. मग कोर्टात जा आणि चपला झिजवा, जन्मात ती निघायची नाही. माझ्या खरेदीखतात स्पष्ट लिहिलं होतं, ‘खाली व निर्वेध कब्जा’. ते वाक्य मी स्वतः घालून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार नंबर उघडली. कुलूप शाबूत होतं. पुढच्या खोलीत धूळ होती आणि तिच्यावर माझ्याच पावलांचे ठसे उमटले. मागच्या खोलीत खिडकी बंद, कडी गंजलेली. तिथेही धूळ होती. फक्त भिंतीजवळ शहाबादी फरशीवर एक गोल स्वच्छ होता, पोळपाटाएवढा. त्याच्यामागे माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा पुसल्यासारखी. हिंगाचा आणि पापडखाराचा वास येत होता.

दुसरी किल्ली, मी स्वतःला म्हटलं. आणि येणारी जाणारी पाऊल कुठे टाकते? त्याचं उत्तर मला सुचलं नाही. पण सुचलं नाही म्हणजे उत्तर नाही असं होत नाही, फायली चाळताना हे मी कितीदा पाहिलंय. मी कुलूप बदललं.

मग तडक ज्यानं घर विकलं त्या जीवरामकडे गेलो. त्याची लाकडाची वखार होती. मी त्याला सरळ विचारलं, चार नंबरला कुणाला बसवलंय?

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं करवत बंद करायला लावली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "नाना, मी कुणाला बसवलं नाही. माझी मंडळी दोन उन्हाळे तिथे होती. तिच्याकडेही ती यायची लाटायला."

"कोण ती?"

"ते आम्ही विचारलं नाही. ती काही मागत नाही, खात नाही, बोलत नाही. फुकट लाटून देते. देऊ द्या." मग म्हणाला, "फक्त फेडीचं कुणी काढू नका. आमच्या मंडळींनी कधी काढलं नाही."

म्हणजे पाहा. दोन वर्षं एका बाईकडून फुकट राबवून घेतलं, आणि वर मलाही तोच शहाणपणा शिकवतो. मी म्हणालो, "जीवरामशेठ, फुकटचं घेणं मला जन्मात जमलं नाही." आणि निघून आलो.

४

त्या आठवड्यात मी कॉलनीत ज्याला त्याला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच. हो, येते. बोलावणं धाडावं लागत नाही, पीठ कुटल्याचा आवाज झाला की दुपारी येऊन भिंतीकडे बसते. कुणाच्या घरी एकदा, कुणाच्या दोनदा. नाव कुणाला माहीत नव्हतं. तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि हे सांगताना कुणाला त्यात काही चमत्कारिक वाटत नव्हतं. उलट प्रत्येकीचा चेहरा जरा उतरत होता.

"तिनाकडे जावानं ऱ्हायी गये, नाना," तीन नंबरची कलाबाई म्हणाली. "बठ्ठासनं करी दिधं तिनी. पण ती बलावस नही, ते आपन कशा जावो?"

"कलाबाई, खोली रिकामी आहे."

"आस्सी म्हना." तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "पण हाताना उसना शे. मनले लागस."

तिथे माझं डोकं फिरलं. इतक्या घरांनी मिळून माझ्या रिकाम्या खोलीत एक भाडेकरीण उभी केली होती, आणि वर तिचे उपकारही मान्य केले होते. उद्या कोर्टात हे सगळे हेच सांगणार. मी ओट्यावरून तरातरा चार नंबरच्या दारापुढे गेलो. दुपारची वेळ, बायका कलाबाईकडे लाटायला जमत होत्या. त्या थांबून पाहू लागल्या. बरं झालं, म्हटलं, साक्षीदार झाले.

कुलूप लावलेल्या दाराला मी मोठ्यानं म्हणालो, "आत जे कोणी असेल त्यानं ऐकून घ्यावं. या कॉलनीत तुमची जी काही फेड राहिली असेल, ती सगळ्या घरांच्या वतीनं माझी बायको करील. ती तुमच्याकडे लाटायला येईल. एकदाचा निकाल लावा आणि मग ही खोली खाली करा. पाटलाचा शब्द आहे."

मी हे टोचून बोललो होतो. ज्यानं डाव मांडला त्यानं ऐकावं आणि लाजावं, एवढाच हेतू. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

कलाबाईनं यशोदाकडे पाहिलं. यशोदा आमच्या दारात उभी होती, पोळपाट काखेत धरून.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. चार नंबरमधून पीठ कुटल्याचा आवाज आला.

धप. मग थोडं थांबून पुन्हा धप. पीठ दगडावर ठेवून तेलाचा हात लावत कुटतात तो आवाज कुणालाही ओळखू येतो. मी कुलूप पाहिलं, जागेवर होतं. दाराला कान लावला, आवाज थांबला. कान काढला, पुन्हा सुरू. कुठेतरी नव्या पायात धुमसानं माती ठोकत असतील, असं मी म्हणालो. यशोदा म्हणाली, "आज रईवार शे. कोनीच काम करी नही ऱ्हायना."

जेवण झाल्यावर तिनं पोळपाट धुतला, लाटणं पुसलं आणि माझ्यापुढे हात केला. किल्ली मागत होती.

"तू वेडी आहेस का? मी रागात बोललो."

"बठ्ठा गावनी आयकं," ती म्हणाली. "तुम्हीन कधी कोना चहा ठेवा नही. आनी मी बठ्ठासपुढे मान खाली घालू?"

माझंच तत्त्व माझ्यापुढे उभं केलं तिनं. मी ठरवलं, ठीक आहे. दार उघडून तिला रिकामी खोली दाखवायची की हा खेळ संपला. मी कुलूप काढलं. तिनं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि आत गेली. मीही मागून गेलो. मागच्या खोलीत कुणी नव्हतं. यशोदा दाराच्या बाजूला बसली, भिंतीकडची जागा मोकळी ठेवून. पोळपाट पुढे घेतला. आणि मी शपथेवर सांगतो, पोळपाट घेताना तिचे हात रिकामे होते आणि दुसऱ्या क्षणी तिच्या बोटांत पिठाची लाटी होती. ती कुणी दिली ते मला दिसलं नाही, कारण मी तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

"दार लोटा," ती म्हणाली. "वारा लागस."

मी दार लोटलं. का लोटलं? आयुष्यभर बायकांनी पापडाच्या वेळी दार लोटायला सांगितलं आणि मी लोटलं, म्हणून. ओट्यावर येऊन बसलो. आतून लाटण्याचा आवाज येऊ लागला. एक यशोदाचं लाटणं, बांगड्यांसकट. आणि त्याच्यामधे मधे दुसरं, फार हलकं.

संध्याकाळी ती बाहेर आली, तेव्हा थकलेली होती. "एक घर व्हयनं," एवढंच म्हणाली आणि झोपली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुटण्याचा आवाज आला, पुन्हा तिनं किल्ली मागितली. पाच दिवस असे गेले. रोज ती थोडी उशिरा बाहेर यायची आणि थोडी कमी बोलायची. पाचव्या संध्याकाळी ती बाहेर येऊन भाकरी न खाता भिंतीकडे तोंड करून बसली, तेव्हा मात्र मी चरकलो.

६

सहाव्या दुपारी मी दार उघडून आत घुसलो. बस झालं, म्हणालो, माझी बायको मी घेऊन चाललो.

बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं, आत काळोख. मला नुसत्या दोन पाठी दिसल्या. एक दाराच्या बाजूला, एक भिंतीकडे. दोघींचे पदर पुढे ओढलेले.

यशोदा पहिल्या दिवशी दाराशी बसली होती. मी दाराशी बसलेलीचा दंड धरला आणि उठवलं. ती चटकन उठली, जणू वाटच पाहत होती. भिंतीकडची लाटतच राहिली. तिच्याकडे मी पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. पाहिलं असतं तर खोलीत कुणी आहे हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि तेवढं मला कागदावर काय, मनातही करायचं नव्हतं. एकतीस वर्षांच्या नोकरीनं हेच शिकवलं होतं, की जे नोंदवायचं नाही ते बघायचंच नाही.

बाहेर येऊन सवयीनं कुलूप लावलं, तसाच तिला घेऊन स्टँडवर गेलो आणि साक्रीची गाडी धरली. साक्रीला तिच्या भावाचं घर. गाडी कुसुंब्याच्या पुढे गेल्यावर माझं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. ती अनवाणी होती. देवपूर ते स्टँड, डांबर पाघळत होतं, आणि ती अनवाणी चालत आली होती. मी चिडलो, "बोलायचं नाही का? रिक्षा केली असती." ती खिडकीतून बाहेर पाहत होती. मी तिचा तळवा पाहिला. फोड नव्हता, लालीही नव्हती. बायकांचे पाय घट्टे पडलेले असतात, मी मनाशी म्हटलं.

साक्रीला ती आली तशी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजली. दुसरा दिवसभर मी तिच्या खाटेशी खुर्ची टाकून बसलो, दुपारी तर जागचा हललो नाही. कुणी पीठ कुटलं नाही, कुणी बोलावलं नाही. तिचे हात पोटाशी स्वस्थ होते. मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या सकाळी ती माझ्या आधी उठून चुलीपाशी बसली होती, माझ्याकडे पाठ करून. तिची भावजय ताईबाई खुशीत होती. "भाऊ, ननंदबाईना हात पाहा ना. भाकर कशी पातय करतीस, जशी कागद."

मी म्हणालो, बरं वाटतंय तिला. मी आज धुळ्याला जाऊन येतो. जीवरामच्या तोंडावर घर फेकायचं, मिळेल ते घ्यायचं. चुलीपाशी बसलेलीनं मान वळवली नाही.

७

कॉलनीत पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. कलाबाई ओट्यावर होती. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"नाना, यशोदाबाई लई भली बाई शे. काल रुक्माबाईकडे पापड व्हतात, त्या कोपरावरना नवा घरमा. तठे बी वनी व्हती लाटाले."

"काल?"

"हा. पदर पुढे करीसन भितडाकडे बसनी. बोलनी नही. चहा बी लिधा नही."

"काल यशोदा साक्रीला होती," मी म्हणालो. "दिवसभर माझ्यापुढे होती."

कलाबाई हळूच म्हणाली, "नाना, तिन्या बांगड्या मी वळखस. मना दुकानवालाकडथूनच भरेल शेतस."

माझा आवाज चढला. काय काय बोललो आठवत नाही. तुम्ही सगळे सामील आहात, मी फौजदारी करीन, असलं काहीतरी. बोलता बोलता माझी नजर ओट्याच्या टोकाला गेली. चार नंबरच्या दाराशी यशोदाच्या चपला होत्या. दोन दिवसांपूर्वी तिनं काढल्या तशाच, एकीवर एक. त्यांच्यावर ऊन आलं होतं.

आणि आतून लाटण्याचा आवाज येत होता. आता एकाच लाटण्याचा.

मी तिथवर गेलो. चपला उचलून सावलीत ठेवल्या. मग ओट्यावर बसलो. तिथे बसून माझं मी सगळं पुन्हा वाचलं, जुनी फाईल वाचावी तसं. मी म्हणालो होतो, माझी बायको सगळ्या घरांची फेड करील. करत होती. मी म्हणालो होतो, मग खोली खाली करा. केली होती. मी स्वतः दंड धरून त्या दुसरीला बाहेर काढलं, रिक्षा केली नाही म्हणून चिडलो, स्वतःच्या सासुरवाडीला नेऊन सोडलं. अक्षरही इकडचं तिकडे झालं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा शब्द जसाच्या तसा पाळला होता, आणि तक्रार करायला मला कुठे जागाच उरली नव्हती.

मी कुलूप काढलं. या वेळी आत गेल्यावर डोळे मिटून उभा राहिलो, अंधार सरावेपर्यंत. मग उघडले.

ती भिंतीकडे बसली होती. पदर पुढे होता, पण बांगड्या यशोदाच्या होत्या, आणि लाटताना डावा खांदा जरा वर उचलण्याची लकब यशोदाची होती. चौतीस वर्षं मी ती लकब ओट्यावरून, दाराच्या फटीतून, पेपराच्या वरून पाहिली होती. कधी नीट पाहिली नव्हती.

"यशोदा," मी म्हणालो. "चल."

"कोठे?" लाटणं थांबलं नाही. "आजून घरं बाकी शेतस. आनी नवा नवा बांधाई ऱ्हायनात."

"मी रागात बोललो होतो गं. तो काय शब्द होता का?"

आता ती थांबली. तिनं तोंड वळवलं नाही. पण आवाज तिचा होता, आणि त्यात जो राग होता तो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"शब्द तुमना व्हता. मंग तुमना हात कोठे शेतस?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. उजव्या बोटावर पेन धरून पडलेला घट्टा होता. एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं होतं.

साक्रीला कुणीतरी माझ्या वाटेकडे पाठ करून चुलीपाशी बसलेलं होतं. ताईबाईला सांगायला हवं होतं. पण आधी हे. मी बाहेर जाऊन जोडे काढले, यशोदाच्या चपलांशेजारी ठेवले. आत आलो, दार लोटलं, आणि दाराकडच्या जागेवर मांडी घातली. एक पोळपाट तिथे पडलेलाच होता. तिनं न बघता एक लाटी माझ्याकडे सरकवली. ती गार होती.

पहिला पापड फाटला. यशोदानं हात लांब करून तो घेतला, मळून त्याची पुन्हा लाटी केली आणि माझ्यापुढे ठेवली.